आठ तास लावून ठेव

दसऱ्याला ठाण्याच्या गोखले रोडवरून नवा फोन घरी येतो, खोक्याला हळदकुंकू लागतं आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं बजावतं, "आता आठ तास चार्जिंगला लावून ठेव. मध्ये हात लावायचा नाही." सल्ला अगदीच खोटा नाही, फक्त तो ज्या बॅटरीसाठी होता ती आता फोनात नसते. नोकिया ३३१० च्या जमान्यातली निकेलची बॅटरी दोन-तीनदा पूर्ण भरल्या-उतरल्यावर पुऱ्या ताकदीनं चालायची. आताची लिथियम-आयन. सोनीनं ती १९९१ साली बाजारात आणली, तिच्यावर काम करणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं, तरी आठ तासांचा मंत्र काही सुटलेला नाही.

नवा फोन बहुधा अर्धवट भरलेलाच मिळतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. ही बॅटरी काठोकाठ भरून किंवा पार उतरवून ठेवली तर नुसती पडूनही खराब होते. तेव्हा खोक्यातून काढा, वापरा, वीस टक्क्यांच्या आसपास आला की लावा. शंभर झाल्यावर फोन स्वतःच वीज घेणं थांबवतो. विजेच्या बिलाचीही काळजी नको: पाच हजार एमएएचची बॅटरी रोज पूर्ण भरली तरी महिन्याला जेमतेम एक युनिट जळतं.

पन्नासपर्यंत भराभर चढणारा आकडा ऐंशीनंतर रेंगाळतो, तो चार्जरचा दोष नव्हे. सकाळच्या लोकलसारखंच आहे ते: रिकाम्या डब्यात माणसं धावत शिरतात, शेवटचे एकेक करून कोंबावे लागतात. बॅटरीतल्या सेलचा व्होल्टेज कमाल मर्यादेला टेकला की फोन करंट हळूहळू कमी करत नेतो. ही मर्यादा ४.२ व्होल्ट किंवा नव्या फोनात त्याहून थोडी जास्त असते. शंभर टक्क्यांवर सेल सर्वात जास्त ताणाखाली असतो, म्हणून बऱ्याच फोनांच्या सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर टेबलावर चार्जर हाताशी असेल तर ती जरूर लावावी. पनवेलहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्यानं मात्र खुशाल शंभर भरावेत. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही.

खरी वैरीण उष्णता. अॅपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. ठाण्यातली मे महिन्याची दुपार ती मर्यादा सहज ओलांडते. त्यात घोडबंदर रोडवर स्कूटरच्या हँडलला फोन अडकवलेला, वर ऊन, आत मॅप चालू, खाली चार्जरची पिन! सेल आतून तापला की रासायनिक झीज वेगानं होते आणि गेलेली क्षमता परत येत नाही. फोन तापल्यावर चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं ते त्याच्या भल्यासाठीच. तेव्हा जाड कव्हर काढा, गादी-उशीऐवजी टेबलावर पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये नको, आत दव धरतं.

नवी मुंबईच्या पावसात प्रकरण वेगळं. पिनेच्या जागी ओल असल्याची सूचना आली की तोंड खाली करून फोन हलकेच हातावर आपटा, वाऱ्यावर ठेवा. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, पिठाचे कण आत बसतात. पिन सैल वाटली तर बहुतेकदा तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढा. टाचणी लावली तर आतली संपर्कपट्टी वाकते.

चार्जर घेताना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. स्टेशनबाहेरच्या स्वस्त केबलमध्ये तांबं बारीक असतं, व्होल्टेज वाटेतच पडतो आणि चार्जिंग रखडतं. फास्ट चार्जिंगची पद्धत कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे एकाचा ऐंशी वॅटचा चार्जर दुसऱ्याच्या फोनला अगदी मंद चालू शकतो.

मागचं झाकण उचललं गेलं किंवा स्क्रीन कडेनं वर आली तर बॅटरी फुगली असं समजा. दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगला तर मुळीच लावू नका. फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या. काढलेली बॅटरीही तिथेच द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. कचऱ्याच्या गाडीत दबली तर ती पेट घेऊ शकते.