वहिनींच्या आजारपणात वाटून घेतलेली कामे

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी माझ्या थोरल्या वहिनींच्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचा अहवाल परभणीहून आला, तेव्हा सेलू तालुक्यातल्या आमच्या शेतात कापसाची पहिली वेचणी चालू होती. गाठ त्यांच्या हाताला आषाढातच लागली होती. पण गावाजवळच्या एका डॉक्टरांनी ‘दुखत नाही ना, मग काळजी नको’ असे सांगून गोळ्या दिल्या आणि त्यात तीन-साडेतीन महिने गेले. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मला ठाऊक असते तर त्याच आठवड्यात मी त्यांना पुढे नेले असते. ती खंत अजून जात नाही.

अहवालानंतर घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो दादाचा हात हातात घेऊन ‘काही लागलं तर सांगा’ म्हणे आणि त्याच वेळी वहिनी आत त्यांच्यासाठी चहा टाकत असत. माणसे मनापासूनच बोलत होती, यात शंका नाही. पण काय लागते हे शोधून काढून दुसऱ्याला सांगण्याचे कामही आजारी माणसाच्या घरावरच पडते, हे त्या दिवसांत माझ्या लक्षात आले. म्हणून एका रात्री आम्ही चुलत भावंडांसह बसलो आणि कोण काय करणार ते वहीत लिहून काढले. नातेवाइकांचे फोन माझी पत्नी घेणार, दोन्ही म्हशी चुलतभाऊ पाहणार, दहावीतल्या पुतणीची शिकवणी आणि डबा धाकट्या बहिणीकडे, आणि दवाखान्याची फाइल माझ्याकडे.

फाइल सांभाळणे हे वाटते त्यापेक्षा मोठे काम आहे. परभणीच्या प्रयोगशाळेतून मला मेणाचा ठोकळा आणावा लागला. काडेपेटीहून लहान अशा जाळीदार डबीत पांढरे मेण आणि त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखे दिसणारे वहिनींच्या गाठीचे बारीक नमुने. गाठ संप्रेरकांवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढते का हे पाहणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या त्यावरच व्हायच्या होत्या आणि कोणते औषध द्यायचे ते त्यावर ठरणार होते. उन्हाने मेण वितळेल या धास्तीने मी ती डबी रुमालात गुंडाळून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत मांडीवर धरून नेली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पण वहिनींचे नाव शिधापत्रिकेवर एक आणि आधार कार्डावर दुसरे होते, आणि त्या दुरुस्तीसाठी मला चार खेपा घालाव्या लागल्या. ज्यांच्या घरी हे संकट आले असेल त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही कागदांवरचे नाव जुळवून पाहावे आणि रुग्णालयात या योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला गाठावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आईचे मात्र आम्ही वहीत काहीच लिहिले नव्हते, आणि तिथेच चुकलो. तपासणीसाठी गाठीत सुई टोचल्याने रोग पसरतो असे तिच्या मनाने घेतले होते. शिवाय तिने वहिनींचे ताट-वाटी गुपचूप वेगळे काढून मोरीजवळ ठेवले होते. वहिनींनी ते पाहिले होते, पण त्या बोलल्या नाहीत. मी आईशी वाद घातला नाही, पुढच्या खेपेला तिलाच सोबत नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला शेजारी बसवून सांगितले, ‘आजी, हा रोग ताटातून लागत नाही, आणि सुईच्या तपासणीने पसरतही नाही.’ संध्याकाळी घरी आल्यावर आईने ते ताट स्वतः घासून मांडणीत सगळ्यांच्या ताटांत ठेवले. पुतणीनेही त्याच बाईंना ‘मलाही होईल का?’ असे विचारले होते. शंभरातले साधारण पाच ते दहाच स्तनकर्करोग आनुवंशिक दोषातून येतात हे ऐकल्यावर ती त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवली.

गाठ मोठी असल्याने आधी किमो द्यायचे ठरले, दर 21 दिवसांनी. लाल औषधानंतर लघवी लालसर होते हे बहिणीने वहिनींना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. दुसऱ्या किमोनंतर बाराव्या दिवशी रात्री तापमापकात 101 दिसले. किमोत पांढऱ्या पेशी घटतात आणि 100.4 च्या वरचा ताप सकाळपर्यंत थांबवून धरायचा नसतो, हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिले होते, म्हणून चुलतभावाने कोणाला न विचारता गाडी काढली.

एप्रिलअखेर शस्त्रक्रिया झाली. आता किरणोपचार व्हायचे आहेत आणि त्यासाठी हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवता यावा लागतो. म्हणून वहिनी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला तोंड करून उभ्या राहतात, बोटे मुंगीसारखी वर चढवतात, आणि जिथे हात थांबेल तिथे आई कोळशाने रेघ ओढते. पहिली रेघ चुलीच्या कठड्याच्या थोडी वर होती. ‘भाऊजी, बघा,’ असे म्हणून काल त्यांनी मला बोलावले, तेव्हा रेघ दिव्याच्या कोनाड्याला टेकली होती.