बदल

२३ एप्रिल

आज किस्सा ख्वानीची तारीख. १९३० साली याच दिवशी पेशावरच्या त्या बाजारात इंग्रज सरकारच्या फौजेने गोळीबार केला. दर वर्षी गोळीबाराची आठवण निघते, पण खुदाई खिदमतगारांची, म्हणजे खान अब्दुल गफार खानांच्या अहिंसक पठाण स्वयंसेवकांची, शपथ फारसं कुणी वाचत नाही. ती वाचली की कळतं, तिचा बराचसा रोख घरच्याच भांडणांवर आहे. सूड घेणार नाही, छळणाऱ्याला माफ करीन, भांडणतंट्यापासून दूर राहीन, रोज निदान दोन तास समाजकामाला देईन.

यामागचं कारण एका शब्दात आहे. आपल्याकडे बदल म्हणजे फेरफार. पश्तूत बदल म्हणजे सूड, आणि तो घेणं हे कर्तव्य. चुलतभावाला तिथे 'तरबूर' म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वैरी. भाऊबंदकी ही काय चीज आहे ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तिथे तिच्या जोडीला घरोघरी बंदूक. गफार खानांनी, म्हणजे बादशाह खानांनी, हे नीट ओळखलं होतं. म्हणून त्यांनी आधी शाळा काढल्या, पहिली १९१० मध्ये आपल्या गावी, उतमानझईला. १९२८ मध्ये 'पख्तून' मासिक सुरू केलं आणि खिदमतगार संघटना उभी राहिली ती त्यानंतर, १९२९ च्या अखेरीस. एवढी वर्षं मशागतीत गेली. 'लढवय्ये पठाण एका रात्रीत अहिंसक झाले' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं.

घडी मात्र त्यांनी फौजेचीच ठेवली. कवायत, लांबच्या पायपिटी, ढोल आणि मशकबीन, हुद्दे. सालार, म्हणजे तुकडीचे नायक, निवडून येत नसत, नेमले जात. पांढरी खादी लवकर मळायची, म्हणून कातडी कमावताना वापरतात त्या झाडाच्या सालीच्या रंगात सदरे बुडवले. विटकरी रंग चढला. खर्च जवळजवळ शून्य आणि धूळ दिसायची नाही. सरकारने त्या रंगावरून त्यांना 'लाल डगलेवाले' म्हणायला आणि बोल्शेविकांशी नातं जोडायला सुरुवात केली. पुढे दडपशाहीत पोलिसांचा राग या सदऱ्यांवरच निघायचा.

२३ एप्रिलला गफार खान उतमानझईहून पेशावरला निघाले आणि वाटेतच पकडले गेले. शहरात चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, माणसं चिरडली, मग गोळ्या सुटल्या. एक गाडी जाळली गेली, एक मोटारसायकलस्वार शिपाई मारला गेला, हेही लिहून ठेवायला हवं. तरी निःशस्त्र माणसं गोळ्यांसमोर उभी राहिली, आणि गढवाल रायफल्सच्या जवानांनी त्यांच्यावर बंदूक चालवायला नकार दिला. चंद्रसिंह गढवालींना त्यापायी जन्मठेप झाली.

नंतर भरती हजारोंच्या घरात गेली, आणि अडचण तिथेच होती. सदरा एका दिवसात रंगतो, माणूस नाही. १९३८ मध्ये गांधीजी सरहद्दीवर गेले तेव्हा सालारांना त्यांनी हेच पुन्हापुन्हा विचारलं : बंदूक नुसती खाली ठेवली आहे, की मनातूनही गेली आहे? सूतकताई, साफसफाई, शिकवणं यांचा आग्रह त्यासाठीच.

खुद्द बादशाह खानांची परीक्षा काँग्रेसमध्येच झाली. जुलै १९४० मध्ये कार्यकारिणीने अटींवर युद्धात मदत देऊ केली आणि ते राजीनामा देऊन बाहेर पडले. महिनाअखेरीस महासमितीने पुण्यात तो ठराव बहुमताने मंजूर केला.