दोन गुणांचे प्रेम

प्रेमाची भाषा मी पहिल्यांदा शिकलो ती व्याकरणाच्या तासाला, आणि तीही दोन गुणांसाठी. ‘मुख चंद्रासारखे सुंदर आहे’ या वाक्यातून उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द असे चार तुकडे वेगळे काढून दाखवले की गुण पदरात पडत. ते मुख कोणाचे आणि चंद्राची आठवण नेमकी कोणाला झाली, हे विचारण्याची सोय नव्हती. पलीकडच्या रांगेत कोण बसले आहे याचे पुरेपूर भान असलेल्या त्या वयात हा कारभार मला कोरडाठाक वाटे.

पुष्कळ वर्षांनी ते प्रकरण पुन्हा चाळताना ध्यानात आले, की अलंकारांच्या त्या यादीत प्रेमाच्या चढत्या तापाची नोंद आहे. उपमा देणारा अजून शुद्धीवर असतो; ‘सारखे’ म्हणताना चेहरा वेगळा आणि चंद्र वेगळा, हे तो विसरलेला नसतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपमेची व्याख्या करताना दोन वस्तूंमध्ये भेद असण्याची अट घातली आहे, ती याच शहाणपणाची. उत्प्रेक्षेत ‘सारखे’ जाऊन ‘जणू’ येते, रूपकात तोही आधार सुटतो, आणि अपन्हुतीपर्यंत पोहोचलेला माणूस तर डोळ्यांना डोळे म्हणायलाच तयार नसतो. त्या कमळाच्या पाकळ्याच आहेत, असे तो ठासून सांगतो. येथवर आलेल्याशी वाद घालू नये.

माझा सगळ्यात लाडका मात्र भ्रांतिमान, आणि त्याला कारण पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले त्याचे उदाहरण. तळ्यातल्या कमळाच्या कोवळ्या पाकळ्यांवर भुंगे बसलेले पाहून एका प्रियकराला ते आपल्या प्रियेचे विशाल डोळेच वाटतात. त्यांत काजळ घालावे म्हणून हा सद्गृहस्थ खरोखर पाण्यात उतरतो, चिंब भिजतो आणि मग तिलाच येऊन सांगतो, की बघ, माझी ही अशी फजिती झाली. तिच्या डोळ्यांचे याहून मोठे कौतुक मला तरी ठाऊक नाही. त्यात डोळ्यांविषयी फारसे काही सांगितलेलेच नाही, सांगितले आहे ते ओल्या कपड्यांविषयी. तरी ते डोळे मनातून जात नाहीत. त्याच्या शेजारचे ससंदेहाचे उदाहरणही तितकेच गोड आहे. समोर आहे तो चंद्र म्हणावा की कमळ, अशा संशयात पडलेल्याला मधुर वाणी ऐकू आल्यावर कुठे उलगडा होतो, की हा तर चेहरा आहे.

कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष याच वाटेने जातो, पण दूरदेशी एकटा असल्यामुळे त्याला फजितीचेही सुख नाही. प्रियंगूच्या वेलीत त्याला तिचे अंग दिसते, भेदरलेल्या हरिणीच्या नजरेत तिची नजर, चंद्रात मुखाची कांती, मोरांच्या पिसाऱ्यात केस आणि नदीच्या बारीक लाटांत भुवयांचे विभ्रम. सारे सृष्टिभर विखुरलेले. एका जागी तिच्यासारखे काही म्हणून सापडत नाही. आणि हे सांगताना तो तिला हाक मारतो ‘चंडी’, म्हणजे कोपिष्टे! एवढ्या स्तुतीच्या ऐन मध्यावर हा शब्द का यावा? माझा तर्क असा, की आपली तुलना वेलीशी आणि हरिणीशी केलेली तिला खपणार नाही, ही धास्ती त्याला हजार कोसांवरूनही वाटत असावी. त्या एका हाकेने ती यक्षिणी मला एकदम खरी वाटू लागते. तिच्यासारखी तीच, असे म्हणायचे, तर त्यालाही आपल्याकडे अनन्वय हे नाव तयार आहे, आणि मम्मटाची भेदाची अट तिथे पार निकालात निघते.

परवा एका गर्दीच्या फलाटावर आमच्या सौभाग्यवती तिकिटे काढायला गेल्या होत्या. थोड्या वेळाने समोरून पाठमोरी जाताना दिसली ती तीच जांभळी छत्री आणि घसरणारी पिशवी खांद्यावर सावरण्याची तीच लकब. मी लगबगीने गर्दी कापत अर्धा फलाट ओलांडला आणि पिशवी घेण्यासाठी हात पुढे केला, तोच त्या बाई वळल्या. क्षमा कशी मागावी हे सुचेना, इतक्यात मागून आवाज आला, “अहो, तिकडे कुठे निघालात? गाडी इकडे लागलीय!” वाणीला मधुर म्हणणे धाडसाचे झाले असते, पण संशय फिटला.

गाडी सुटल्यावर मी तिला तो तळ्यात उतरलेला प्रियकर सांगितला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, खिडकीबाहेर पाहिले आणि विचारले, “तो भिजला ते ठीक आहे हो, पण काजळाच्या डबीचं काय झालं?”