आमची वाटचाल : डायनॅमोपासून पिवळ्या कपलरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांचं दुकान होतं, दहा बाय बाराचं. गाड्यांच्या विजेची कामं : डायनॅमो, स्टार्टर, आर्मेचर वाइंडिंग. हत्यार म्हणाल तर टेस्ट लॅम्प. दिवा लागला, करंट आहे. नाही लागला, नाही. त्या दिव्यावर घर चाललं, माझा डिप्लोमा झाला. तो लॅम्प अजून दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी सांगतो, "पिवळ्या कपलरला हा लावलास तर हिशेब घेऊन घरी जायचं."

कपलर म्हणजे तारा जोडायचा प्लग. पिवळ्या कपलरपलीकडे एअरबॅग असते, नाहीतर सीटबेल्टचा प्रिटेन्शनर, म्हणजे पट्टा आवळणारा भाग. धडक बसली की त्यातली चिमूटभर स्फोटक दारू पेटते आणि पट्टा क्षणात आवळला जातो. ती पेटायला आबांच्या दिव्यातून जाणारा करंटही पुरू शकतो. म्हणून आधी बॅटरी सोडायची, काही मिनिटं थांबायचं, मग हात घालायचा. घाईच्या गिऱ्हाइकाला चहा पाजायची हीच वेळ.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. पुढच्याच महिन्यात पंचगंगेला महापूर आला. धंद्याला वळण मिळालं ते या दोन्हींमुळे. खरं सांगायचं तर पुरामुळेच जास्त. एअरबॅगचा बॉक्स, म्हणजे ती कधी उघडायची ते ठरवणारा छोटा कंप्युटर, बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, तळाला, कार्पेटखाली बसवलेला असतो. पाणी आत शिरलं की पहिला तोच भिजणार. गाड्या वाळल्या, इंजिनं सुरू झाली, मालक खूश. दोन-तीन महिन्यांनी मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझेना.

स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, लावला की कोड यायचा यू०१५१. म्हणजे एअरबॅगच्या बॉक्सशी संपर्क तुटला. मी वाचलं, 'बॉक्स गेला'. एका गिऱ्हाइकाला जुन्या बाजारातला बॉक्स आणून बसवला. दिवा तसाच! वर तो बॉक्स दुसऱ्या गाडीचा, त्यामुळे तो या गाडीशी जुळवून घ्यायची, कोडिंगची, नवीनच भानगड. १८ हजार पदरचे गेले, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

फार उशिरा डोक्यात शिरलं की हा कोड एअरबॅगचा बॉक्स लिहीतच नाही. लिहितात बाकीचे. भिशीला एक जण आला नाही तर बाकीचे म्हणतात, "आज आला नाही." मेला असं कुणी म्हणत नाही. कॅन म्हणजे गाडीतल्या बॉक्सांची बोलायची लाइन; तिच्या दोन पिळलेल्या तारांवर सगळे बॉक्स एकमेकांशी बोलत असतात. एकाचा आवाज आला नाही की बाकीचे तेवढीच नोंद करतात. का आला नाही, ते आपण शोधायचं.

आता आमची सुरुवात स्कॅनरच्याच सॉकेटपासून होते. बॅटरी सोडून ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजायचे. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर, म्हणून ६० यायला पाहिजेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात. मग गाडी चालू करून ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टची चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र. दोन्ही तारा अडीच व्होल्टवर उभ्या, बोलताना एक साडेतीनला चढते, दुसरी दीडला उतरते. हे चित्र पडद्यावर पहिल्यांदा नीट दिसलं त्या दिवशी आबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बरं हाय. पण अर्थ बगितलीस का?"

नव्हती बघितली. अर्थ म्हणजे बॉक्सची गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी जोडणी. त्या गाडीला ६० ओहम बरोबर, चित्र स्वच्छ, तरी बॉक्स गप्प. कार्पेट उचललं तर अर्थच्या बोल्टवर पुराचा गाळ आणि गंज. इग्निशन चालू करून अर्थच्या लगपासून, म्हणजे तारेच्या टोकाच्या कडीपासून, बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं तर ४ व्होल्ट! तिथे जवळजवळ शून्य पाहिजे. बॉक्सला पुरेसा दाबच मिळत नव्हता, बोलणार कुठून? बोल्ट काढून घासला, नवीन लग लावला, कोड पुसले. नव्या बॉक्सचं कोटेशन घेऊन आलेली गाडी पॉलिश पेपरवर बरी झाली.

अडचण बिलाची. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, शोधायचे देत नाही. "नुसता बोल्ट घासला की हो, त्याचे पंधराशे?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी भिंतीवर पाटी लावली : तपासणीचे पैसे वेगळे, आधी. काही लोक पाटी वाचून परत गेले. आता बाहेरची गॅरेजवाली मंडळीच शोधायला गाड्या पाठवतात, त्यावर आज तिघांचे पगार निघतात.

दोन कामं करत नाही. प्रिटेन्शनरच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर अडकवून दिवा विझवणं, आणि बेल्टचा बीप बंद करून देणं. रेझिस्टर लावला की बॉक्सला वाटतं सगळं ठीक आहे. धडकेत पट्टा ढिलाच राहतो. बीप बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन विकण्यावर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बडगा उगारला, तरी लोक खिशातून काढून दाखवतात. एप्रिल २०२५ पासून नव्या गाड्यांत मागच्या सीटचाही बीप सक्तीचा झालाय, त्यामुळे ही विनवणी आणखी वाढली.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की आमचा पोरगा वही घेऊन बसतो आणि शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा इथल्या गिऱ्हाइकांना फोन लावतो, "दादा, गाडी वर काढा." आबा ऐकतात आणि हसतात. म्हणतात, आपलंच गिऱ्हाईक पळवतोस की रं.