मद्यपी चालकाविरुद्ध भरपाईचा दावा : माझा अनुभव

माझा थोरला भाऊ फोंडा तालुक्यात पाडेलीचे, म्हणजे माडावर चढून नारळ पाडण्याचे, काम करतो. संध्याकाळी काम आटोपून स्कूटरने घरी येत असताना म्हार्दोळजवळ चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारीने त्याला उडवले आणि त्याचा उजवा गुडघा चिरडला. चालक प्यायलेला होता. शिवाय धडकेच्या क्षणी त्याच्या हातात मोबाइल होता, असे रस्त्याकडेच्या दुकानातील दोघांनी पाहिले होते. पुढे पोलीस ठाणे, रुग्णालय आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण येथील सगळी धावपळ माझ्याकडे आली. अशी वेळ गोव्यातील कोणत्याही घरावर येऊ शकते, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

दादाला फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तेथून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) हलवले जात असतानाच दुसऱ्या बाजूने सर्वांत महत्त्वाचे काम व्हायचे होते, ते म्हणजे चालकाच्या रक्ताचा नमुना. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास गुन्हा होतो. पण शरीर ते मद्य दर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला सरासरी 15 मिलिग्रॅमच्या आसपास कमी करत असते, त्यामुळे तीन-चार तास वाया गेले तर मर्यादेच्या वर असलेला माणूस कागदोपत्री निर्दोष ठरू शकतो. आमच्या सुदैवाने तपास अधिकाऱ्यांनी जागेवरच श्वासचाचणी घेतली आणि लगेच रक्त काढून घेतले. नमुना घेताना त्वचा स्पिरिटने पुसायची नसते आणि कुपीत सोडियम फ्लोराइड असावे लागते, अन्यथा बचाव पक्ष अहवालावरच शंका घेतो, हे आमच्या वकिलांनी नंतर समजावले. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रमाण मर्यादेच्या तिपटीहून अधिक निघाले. ‘अपघातानंतर घाबरून प्यालो’ असे चालकाने सांगून पाहिले. तत्काळ घेतलेल्या चाचणीपुढे ते टिकले नाही.

मोबाइलचा मुद्दा अधिक अवघड गेला, कारण त्याची खूण रक्तात सापडत नाही. गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे कलम 184 खाली धोकादायक चालवण्यात मोडते. पण ते सिद्ध करण्यासाठी पोलिसांनी दूरसंचार कंपनीकडून कॉलची नोंद मागवावी लागते, आणि धडकेची वेळ 108 रुग्णवाहिकेच्या नोंदीशी जुळवावी लागते. आम्ही तशी लेखी विनंती दिली. दुकानातील दोघे सुरुवातीला साक्षीला घाबरत होते. जखमीला मदत करणाऱ्यावर खटल्याचा भार टाकता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही, हे कलम 134अ आणि त्याखालील नियम त्यांना वाचून दाखवल्यावर ते स्वखुशीने पुढे आले. या दोन माणसांचे ऋण आमच्या कुटुंबावर कायमचे आहे.

दाव्याच्या वेळी आमच्यापुढे दोन वाटा होत्या. कलम 164 खाली कोणाचीही चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, परंतु ते स्वीकारले की कलम 166 चा मोठा दावा संपुष्टात येतो. घरात पैशांची चणचण होती, वहिनी अडीच लाखांकडे झुकल्या होत्या, आणि त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. तरीही दादाचे वय पाहता आम्ही कलम 166 निवडले. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणून आम्ही दिरंगाई केली नाही. दावेदार राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो.

खरी लढाई गुडघ्याच्या अपंगत्वाच्या टक्क्यांवर झाली. वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रातील टक्केवारी फारशी नव्हती, कारण दादा चालू शकतो. पण पाडेलीला माडावर चढावे लागते, आणि वाकत नसलेल्या गुडघ्याने माड चढता येत नाही. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात स्पष्ट केले आहे. त्याच निकालाचा आधार आमच्या वकिलांनी घेतला. पगाराची पावती दादाकडे कधीच नव्हती. ज्यांच्या कुळागरांत (माड-पोफळीच्या बागांत) तो वर्षानुवर्षे नारळ पाडत आला, त्या भाटकारांनी (जमीनमालकांनी) न्यायाधिकरणापुढे येऊन त्याच्या मजुरीबद्दल साक्ष दिली. वय 38 असल्याने 2009 च्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे कमाईच्या वार्षिक नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा, 15 धरला गेला.

विमा कंपनीने चालक मद्यपी असल्याने आपली जबाबदारी नाही, असा पवित्रा घेतला. न्यायाधिकरणाने तो पूर्णपणे मानला नाही: कंपनीने आधी दादाला रक्कम द्यावी आणि नंतर ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा निवाडा झाला. गाडी चालकाच्याच मालकीची असल्याने सगळा बोजा आता त्याच्यावर आहे. मिळालेल्या रकमेचा मोठा भाग न्यायाधिकरणाने मुदत ठेवीत ठेवायला लावला.

फौजदारी खटला वेगळा असून तो अजून चालू आहे. कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याखेरीज 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गंभीर दुखापतीसाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चालकाचा वाहन परवाना निलंबित झाला आहे. दादाची साक्ष झाली असून कॉलच्या नोंदीवरची उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे.