आमची वाटचाल: तूर, परखी आणि ऑफिसातलं लग्न

लातूरच्या बाजारात आमच्या दालमिलचं नाव निघालं की लोक आधी सांगतात, "मालकानं असिस्टंटशी लग्न केलं ती मिल." मालाचं नाव नंतर. म्हणून इथं मालापासूनच सुरुवात.

मॅडम परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शिकून आमच्याकडं असिस्टंट म्हणून लागल्या. तोवर खरेदी म्हणजे दाणा दाताखाली फोडायचा आणि भाव बोलायचा. त्यांनी पद्धत बसवली. गाडी आली की वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातल्या पोत्यांना परखी, म्हणजे पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी, लावायची. सगळा नमुना एकत्र करून त्याचे चार भाग पाडायचे, त्यातून १०० ग्रॅम तोलायचा. मग काडीकचरा, डंकी म्हणजे किडीनं पोखरलेला दाणा, कच्चा आणि फुटका दाणा वेगवेगळा काढून वजन करायचं. ओलावा १२ टक्क्यांच्या पुढं गेला की भाव तोडायचा नाहीतर माल वाळवणीला टाकायचा. ओला दाणा मिलच्या घासणीच्या रोलवर दबतो, टरफल सुटत नाही. ते सुटावं म्हणून जास्त घासलं की डाळीची कड झिजते आणि नफा चुनीत, म्हणजे डाळीच्या चुऱ्यात, जातो. तेल लावून माल रात्रभर मुरू दिला नाही तरी तेच होतं.

मी स्वतः सौदा केलेल्या गाडीच्या चिठ्ठीवरही त्या लाल पेनानं 'परत' लिहायच्या. बाजारात त्याचा बोभाटा झाला. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आलं ते त्या चिठ्ठ्यांमुळंच. यापलीकडं इथं लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते २०१६. आदल्या वर्षी तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोपर्यंत गेलेली, त्यामुळं साठा करायचा मोह सगळ्यांनाच. मग पाऊस चांगला झाला, तुरीचा पेरा वाढला, नवी तूर आली आणि भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली घसरला. महागाची तूर पोटात घेऊन बसलेल्या मिली खचल्या. मॅडमचं म्हणणं आधीपासून एकच होतं: हातात ऑर्डर असेल तेवढीच तूर घ्यायची. त्यामुळं आमचा साठा कमी होता.

तरी आम्ही बुडता बुडता वाचलो, आणि भावामुळं नाही. आमचं लग्न त्याच वर्षीचं. पलीकडच्या गल्लीतल्या एका मिलवाल्यानं आडत्यांच्या कानात घातलं, "तिथं आता बायकोचं राज्य, हिशेब घरातल्या घरात मुरतो." आडत्यांनी उधारी बंद करून रोखीनं मागायला सुरुवात केली, आणि ८ नोव्हेंबरला ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या. रोख आणायची कुठून? तेव्हा नांदेडच्या एका खानावळवाल्या काकांनी आगाऊ चेक दिला. काका एरवी बोलण्यावर विश्वास ठेवणारे नव्हेत. आमच्याच टेबलावर छोट्या कुकरमध्ये मूठभर फटका, म्हणजे टरफल काढून दोन फाकी केलेली, डाळ शिजवायची, बोटांत चोळायची, मधे कणी लागली की पोती परत. त्यांच्या चेकवर मिल चालू राहिली. त्या मिलवाल्याला मी अजून नमस्कार करत नाही.

त्यानंतरची वर्षं माल विकण्यात गेली.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. मालकाचं मन असिस्टंटवर गेलं तर विचारायच्या आधी तिचा पगार, रजा आणि बढती आपल्या हातातून काढून भागीदाराकडं द्या. नाही म्हटलं तर नोकरी जाईल अशी भीती असेल, तर तिच्या 'हो'ला काय अर्थ? एकदाच विचारा. नकार आला तर विषय संपला, आणि कामात त्याचा वचपा काढू नका. कामावर दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागतेच. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. मुदत घटनेपासून तीन महिने. ही माहिती कागदावर लिहून ऑफिसात दिसेल अशी लावा, देवाच्या फोटोमागं नको.

लग्न झालं तर सीएकडं आधी जा. धंदा मालकाचा असेल तर बायकोला दिलेला पगार मालकाच्याच उत्पन्नात धरतात. तिच्याकडं तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानापोटी असेल, तरच तो तिचा धरला जातो. मॅडमची पदवी इथं कामाला आली. ओलाव्याची नोंदवही आणि नमुन्याच्या चिठ्ठ्या त्यांच्या सहीनिशी जपलेल्या आहेत. चेकवर दुसरी सही भागीदाराची. त्यांची पगारवाढही तेच ठरवतात, आणि ती कमी पडली तर मॅडम भांडतात त्यांच्याशी, माझ्याशी नाही.