पायातून सुटलेली चप्पल

माझ्या धाकट्या भावाची मान लहानपणापासून आखूड. मागचे केस पार कॉलरखाली उतरलेले. शाळेत मुलं चिडवायची, आई म्हणायची, आजोबांवर गेलाय. त्यात काही दुखणं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आम्ही देवगडचे. हंगामात तो डोक्यावर चुंबळ ठेवून आंब्याच्या पेट्या वाहायचा. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात बागेतून वर आला तेव्हा एक पाय अनवाणी. “ताये, चप्पल खय सुटली माका कळूकच नाय.” भर दुपारचा तापलेला जांभा, तरी तळव्याला समजलं नव्हतं! पुढे शर्टाची बटणं लागेनात. एका दवाखान्यात मणक्याची झीज म्हणून गोळ्या दिल्या. त्यातच केस कापायला गेला आणि न्हाव्याने नेहमीसारखी मान कडकन मोडून दिली. दुसऱ्या दिवशी डावा हात वर जाईना. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

मानेला पट्टा बांधून कणकवलीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. एमआरआय, सीटी स्कॅन, मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे. मानेचा पहिला मणका जन्मापासून कवटीला जुळलेला होता. दुसऱ्या मणक्याला दातासारखं एक टोक असतं, ते वर सरकून कवटीच्या तळाच्या भोकात शिरलं होतं आणि मज्जारज्जू दाबत होतं. मग सव्वीस वर्षं हा धडधाकट कसा? डॉक्टर म्हणाले, दोष जन्माचा, पण तिथला सांधा हळूहळू ढिला होतो. कधी किरकोळ हिसकाही पुरतो.

या दोन मणक्यांमध्ये स्क्रू आणि पट्ट्या बसवून सांधा स्थिर करतात. तेव्हा केईएम रुग्णालयात असलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी ही पद्धत 1994 साली प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरतात. आपल्या मुंबईतलं हे काम, मला फार आधार वाटला त्याचा. भावाचाही सांधा असाच जखडला. मान वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं याच सांध्यात होतं, म्हणून आता तो हाक मारल्यावर खांद्यासकट वळतो. बटणं मात्र स्वतः लावतो.

तुमच्या घरात अशी आखूड मान असेल आणि हातापायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल, तर आधी मानेचे फोटो काढून घ्या. मालीश नको, मान मोडणं तर नकोच.

परवा त्याच्याबरोबर सलूनात गेले होते. अंगावर कापड टाकायच्या आधीच तो म्हणाला, “मानेक हात लावू नको हां.”